एल्डन रिंगमधली दुबार पेरणी: लार्व्हल टिअर कुठे मिळतात, कसे वापरायचे आणि कधी वापरू नयेत

(हा भाग ऐकायला साधारण १६ मिनिटं लागतात. एसटीत रेंज जाते, मधेच आवाज तुटतो, अशा तक्रारी येतात, म्हणून नेहमीसारखं सगळं इथे लिहूनही देतोय. बोलताना घाईत निसटलेले आकडे लिहिताना नीट भरले आहेत.)

आजचा विषय तुमच्यातल्याच एकाने दिलाय. खामगावहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. बारावी झाली, दिवसभर घरच्या दुकानात असतो, सेकंडहँड पीएस-फोरवर फक्त रविवारी खेळतो. त्याचे शब्द असे: "भाऊ, साठ तास झाले न बॉ, अन् आता कोन्ताच बॉस मरत नाई. सगळ्यात थोडं थोडं टाकलं मी. कॅरेक्टर पुरा बिघडला. सेव्ह डिलीट करून पह्यल्यापासून सुरू करू काय?"

नको. अजिबात नको. रविवारी चार तास मिळणाऱ्या माणसाचे साठ तास म्हणजे जवळजवळ चार महिने झाले. ते पुसून टाकायची गरज नाही, कारण याच कामासाठी गेममध्ये एक वस्तू ठेवलेली आहे. आज त्या वस्तूबद्दल बोलू.

०१:४० | रीस्पेक म्हणजे काय

रोल-प्लेइंग गेममध्ये तुमचं कॅरेक्टर लेव्हल वाढवतं आणि प्रत्येक लेव्हलला एक पॉइंट मिळतो. तो कुठे टाकायचा हे तुम्ही ठरवता: ताकदीत, जादूत की जीव वाढवण्यात. वीस-तीस तासांनी कळतं की आपल्याला तलवार आवडते आणि पॉइंट मात्र जादूत गेलेत. टाकलेले सगळे पॉइंट परत हातात घेऊन नव्याने वाटणं म्हणजे रीस्पेक.

आपल्याकडच्या माणसाला हे एका शब्दात सांगता येतं: दुबार पेरणी. मृगात पेरलं, पाऊस दडी मारून बसला, सोयाबीन उगवलंच नाही. मग त्याच वावरात परत पेरायचं. जमीन तीच, शेतकरी तोच, फक्त बियाणं नवं. फरक एकच, आणि तो मोठा आहे. वावरात बियाण्याचे पैसे परत मिळत नाहीत आणि गेलेले दिवसही मिळत नाहीत. गेममध्ये पॉइंट पूर्ण परत मिळतात. म्हणून गेमची दुबार पेरणी आपल्या घरच्यांनी पाहिलेल्या दुबार पेरणीपेक्षा कितीतरी दयाळू आहे.

पण फुकट नाही. एल्डन रिंगमध्ये, म्हणजे फ्रॉमसॉफ्टवेअरच्या २५ फेब्रुवारी २०२२ ला आलेल्या गेममध्ये, दर वेळी एक लार्व्हल टिअर खर्च होतो. लार्व्हा म्हणजे अळी, टिअर म्हणजे अश्रू. अळी म्हटलं की आपल्याला बोंडअळीच आठवते, पण इथे अर्थ चांगला आहे: जिचं अजून काहीच ठरलेलं नाही, जी काहीही होऊ शकते, अशी अवस्था. नाव अगदी विचार करून दिलंय.

०३:३० | आधी रेनालापर्यंत पोचा

टिअर नुसता खिशात असून चालत नाही, तो वापरून देणारी व्यक्ती लागते. ती म्हणजे रेनाला, पौर्णिमेची राणी. राहते लिउर्नियातल्या राया लुकारिया अकॅडमीत, सगळ्यात वरच्या ग्रंथालयात.

रस्ता असा. अकॅडमीचं दार जादूने बंद असतं, त्याला ग्लिंटस्टोन की लागते. ही किल्ली तळ्याच्या पश्चिम बाजूला, स्मॅराग नावाच्या झोपलेल्या ड्रॅगनच्या मागे पडलेली असते. ड्रॅगनशी लढायची गरज नाही. घोड्यावरून जा, किल्ली उचला, पळा. आत गेल्यावर वाटेत रेड वुल्फ ऑफ रॅडॅगॉन हा बॉस लागतो आणि शेवटी रेनाला.

रेनालाशी लढाई दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात ती हवेत तरंगते आणि तिच्याभोवती कवच असतं. खाली सरपटणाऱ्या मुलींपैकी ज्या सोनेरी चमकतात त्यांना मारायचं, की कवच फुटतं आणि ती खाली येते. दुसऱ्या टप्प्यात मोकळ्या पाण्यात समोरासमोर लढाई. इथे लांब राहाल तर जादूचा मारा खाल, जवळ जाऊन चिकटून राहिलेलं बरं.

ती हरल्यावर मरत नाही. तिथेच बसून राहते आणि तुमच्याशी बोलते. बोलताना पुनर्जन्माचा पर्याय येतो. एक टिअर द्यायचा, सगळे पॉइंट नव्याने वाटायचे. यासाठी इंटरनेट लागत नाही, ऑनलाइन मेंबरशिपही लागत नाही.

०५:२० | टिअर कुठे मिळतात

मूळ गेममध्ये टिअर मोजकेच आहेत, अठराच्या आसपास. २०२४ च्या जूनमध्ये आलेल्या शॅडो ऑफ द अर्डट्री या भागात आणखी थोडे मिळतात. कोणत्याही शत्रूला परत परत मारून ते गोळा करता येत नाहीत. मी त्यांचे तीन गट करतो.

पहिला गट: विकत मिळणारे. सगळ्यात सोपे हेच. लिम्ग्रेव्हच्या पूर्वेला मिस्टवुड नावाचं जंगल आहे, तिथे सियोफ्रा नदीकडे उतरणारी मोठी लिफ्ट आहे. खाली जमिनीच्या पोटात, डोक्यावर ताऱ्यांचं आभाळ असलेली नदी आहे. तिथे एक एकटा व्यापारी बसलेला असतो, त्याच्याकडे एक टिअर ३,००० रून्सला मिळतो. दुसरा पिडियाकडे, कॅरिया मॅनरमध्ये, किंमत तीच. पिडियाकडे समोरच्या दाराने जाता येत नाही. मॅनर पार करून मागच्या थ्री सिस्टर्स भागात जायचं आणि तिथून कड्याच्या बाजूने खाली छपरांवर उड्या टाकत उतरायचं. ३,००० रून्स म्हणजे मध्यावर आलेल्या खेळाडूसाठी किरकोळ रक्कम आहे. म्हणून रेनालाला हरवलेल्या प्रत्येकाने हे दोन आधी घेऊन ठेवावेत, लागो न लागो.

दुसरा गट: बहुरूपी. नकाशावर काही ठिकाणी साधासुधा दिसणारा शत्रू एकटाच उभा असतो. त्याला फटका मारला की तो चांदीसारखा वितळतो आणि त्यातून भलतंच मोठं जनावर उभं राहतं. पहिल्यांदा बघाल तर कंट्रोलर हातातून पडेल! पळू नका. तो मेला की टिअर देतो. म्हणजे ज्याच्याकडे रूप बदलायची शक्ती आहे, त्याच्याकडूनच तुम्हाला रूप बदलायची वस्तू मिळते.

तिसरा गट: नोक्रॉन आणि नोक्स्टेला ही जमिनीखालची दोन शहरं. टिअरची खरी खाण इथे आहे. इथे काही उचलायला मिळतात, काही चांदीच्या प्राण्यांकडून मिळतात.

नोक्रॉनचा रस्ता आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या पोरापोरींना जास्त आवडेल. केलिडमध्ये रेडमेन किल्ल्यावर रादान नावाचा सेनापती आहे. त्याने म्हणे आकाशातले तारे धरून ठेवलेत. तो पडला की अडलेले तारे सुटतात आणि एक तारा येऊन मिस्टवुडच्या दक्षिणेला आदळतो. जमिनीला प्रचंड खड्डा पडतो आणि त्या खड्ड्यातून खाली उतरलं की नोक्रॉन.

आता हे आपण लोणारच्या माणसाला काय नव्याने सांगणार? आपलं विवर बेसॉल्ट खडकात उल्का आदळून झालेलं आहे, व्यास साधारण १.८ किलोमीटर. आणि आपल्याकडेही त्याची गोष्ट आहेच: तिथे लवणासुर राहायचा, विष्णूने त्याला मारलं, म्हणून दैत्यसूदनाचं मंदिर. आभाळातून काहीतरी पडलं, खड्डा झाला, आणि खाली वेगळंच जग आहे, ही कल्पना कुठल्या जपानी स्टुडिओची मक्तेदारी नाही. फरक इतकाच की लोणारला उतरलं की खारं पाणी आणि जुनी देवळं भेटतात, टिअर भेटत नाही.

नोक्रॉनमध्ये शिरल्यावर लगेचच मिमिक टिअर हा बॉस लागतो. चांदीचा गोळा उठतो आणि तुमचंच रूप घेतो. तुमचीच तलवार, तुमचंच चिलखत. हरला की तोही एक लार्व्हल टिअर देतो. एक जुनी युक्ती सगळे वापरतात: आत शिरण्याआधी अंगावरचं सगळं काढून ठेवा. तो रिकाम्या हाताचं रूप घेतो, मग तुम्ही पटकन तुमचं हत्यार परत घाला. पण माझा सल्ला, एकदा तरी पूर्ण तयारीनिशी लढून बघा. आपलं बिल्ड समोरून अंगावर आलं की कसं वाटतं, हे दुसरीकडे कुठे कळत नाही. त्याने तुम्हाला दोन फटक्यांत पाडलं तर बिल्ड बरं चाललंय. दहा फटके मारूनही तुम्ही उभेच असाल, तर काहीतरी तपासायला हवं.

०८:५० | थांबा. आधी तीन गोष्टी तपासा

आता मुद्द्याचं. कृषी विभाग दर जूनमध्ये दोन गोष्टी सांगतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. आणि घरचं सोयाबीन पेरण्याआधी उगवण क्षमता तपासा: ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवा, निदान सत्तर उगवले पाहिजेत. कारण पीक का आलं नाही हे न कळता परत पेरलं, तर दुसरी पेरणीही जाते.

रीस्पेकचं अगदी तेच आहे. बऱ्याचदा बिल्ड बरं असतं, बिघाड दुसरीकडेच असतो. म्हणून टिअर खर्च करण्याआधी या तीन गोष्टी बघा.

एक, हत्यार. तुमची तलवार किती नंबरवर आहे? साधं हत्यार +२५ पर्यंत जातं, खास हत्यार +१० पर्यंत. एल्डन रिंगमध्ये सुरुवातीचा आणि मधला बराच काळ मार वाढतो तो हत्यार सुधारल्याने. स्टॅटचा नंबर त्यानंतर. चर्च ऑफ एले मधल्या ऐरणीवर फक्त +३ पर्यंत होतं. पुढचं काम राउंडटेबल होल्डमधला लोहार ह्यू करतो. खूप जण पन्नास-साठ लेव्हलला पोचतात आणि तलवार अजून +३ वरच असते. त्यांना टिअर नको, स्मिदिंग स्टोन हवेत.

दोन, जीव. म्हणजे व्हिगर. आकडे बघा. व्हिगर २५ असताना हेल्थ ८००. व्हिगर ४० ला १,४५०. म्हणजे पंधरा पॉइंटांत ६५० वाढले, जवळजवळ दुप्पट जीव. ६० ला १,९०० होतात. आणि तिथून पुढे ९९ पर्यंत एकोणचाळीस पॉइंट ओतले तरी फक्त २,१०० पर्यंत जातो. म्हणून चाळीसपर्यंत बिनधास्त, साठपर्यंत गरजेप्रमाणे, साठनंतर हात आखडता. एका फटक्यात मरत असाल, तर नुसत्या पुढच्या दहा लेव्हल व्हिगरमध्ये टाकूनही काम होईल.

तीन, वजन. अंगावरचं सामान क्षमतेच्या ७० टक्क्यांवर गेलं की लोळण जड होते आणि प्रत्येक फटका बसतो. इथे बिल्डचा दोष नाही, चिलखताचा आहे. एक तुकडा काढा आणि परत लढून बघा.

तिन्ही तपासून झालं, तरीही बॉस मरत नाही, किंवा तुम्हाला खेळायची पद्धतच बदलायची आहे. मग दुबार पेरणी करा, खुशाल करा.

११:३० | हिशोब: कागद-पेन घ्या

मी दिवसभर ऑफिसात कोड लिहितो, त्यामुळे मला नियम सापडला की बरं वाटतं. एल्डन रिंगचा एक साधा नियम आहे: आठही स्टॅटची बेरीज करा, त्यातून ७९ वजा करा, आली तुमची लेव्हल. रेच हा क्लास घ्या, आठही ठिकाणी १०, बेरीज ८०, लेव्हल १. बरोबर?

आपल्या खामगावच्या भावाचं कॅरेक्टर व्हॅगाबॉंड आहे, लेव्हल ८०. म्हणजे त्याच्या हातात एकूण १५९. त्याने पाठवलेले आकडे: व्हिगर २२, माइंड २०, एन्ड्युरन्स १८, स्ट्रेंग्थ २४, डेक्स्टेरिटी २२, इंटेलिजन्स २०, फेथ २०, आर्केन १३. प्रत्येक देवाला एकेक नारळ, नवस कुणालाच नाही. थोडी जादू, थोडी प्रार्थना, थोडी ताकद, आणि जीव मात्र कमी.

त्याला मोठी तलवार आवडते. मग नवी वाटणी अशी करता येईल.

रीस्पेकमध्ये एक अट असते: क्लासच्या सुरुवातीच्या आकड्यांखाली जाता येत नाही. व्हॅगाबॉंड सुरू होतो व्हिगर १५, माइंड १०, एन्ड्युरन्स ११, स्ट्रेंग्थ १४, डेक्स्टेरिटी १३, इंटेलिजन्स ९, फेथ ९, आर्केन ७ वर. म्हणजे जे मूळ आहे ते मूळच राहतं. शेवटचे तीन आणि डेक्स्टेरिटी आपण तिथेच ठेवू. माइंड १२, एन्ड्युरन्स २५, व्हिगर ४०. बेरीज झाली ११५. उरले ४४, ते सगळे स्ट्रेंग्थला.

ग्रेटस्वॉर्डला स्ट्रेंग्थ ३१ आणि डेक्स्टेरिटी १२ लागते. दोन्ही अटी पूर्ण. शिवाय तलवार दोन्ही हातांनी धरली की गेम स्ट्रेंग्थ दीडपट धरतो, म्हणजे ४४ चे ६६. लेव्हल तीच ८०. एकही जास्तीचा पॉइंट नाही. कॅरेक्टर मात्र पूर्ण वेगळं.

प्रत्यक्ष करताना चार सूचना.

कागदावर बेरीज करूनच रेनालासमोर बसा. आकडे वाढवणाऱ्या टॅलिसमन आधी उतरवून ठेवा, नाहीतर स्क्रीनवरचा आकडा आणि तुमचा आकडा जुळत नाही आणि गोंधळ उडतो.

पॉइंट वाटताना बाजूला हत्याराचा मार आणि हेल्थ बदलताना दिसतात. ही तुमची उगवण चाचणी समजा. शेवटचं हो म्हणेपर्यंत टिअर जात नाही. मागे या, परत विचार करा, कोणी घाई करत नाही.

हो म्हटलं की मात्र झालं. या गेममध्ये आपल्या हाताने सेव्ह करून जुन्या जागी परत जाता येत नाही, तो सतत स्वतःच सेव्ह करत असतो. चुकीची वाटणी दुरुस्त करायला दुसराच टिअर लागेल.

आणि हत्यारावर लावलेले स्मिदिंग स्टोन परत मिळत नाहीत. ते पॉइंट नाहीत, वस्तू आहेत. म्हणून ज्या हत्याराकडे जायचंय त्याच्यासाठी दगड जमवून मगच रीस्पेक करा. नाहीतर स्टॅट नवे, तलवार +०, आणि पुन्हा मेसेज येईल की भाऊ, अजूनच बिघडलं.

१३:५० | बाकीच्या गेमांचं काय

प्रत्येक गेम ही दुसरी संधी किती महाग करायची ते आपापलं ठरवतो. डार्क सोल्समध्ये, २०११ साली, ती नव्हतीच. दुसऱ्या भागात सोल व्हेसल आलं. तिसऱ्यात रोझारियाला पेल टंग द्यायची, तेही एका फेरीत पाचच वेळा. डायब्लो टू आला २०००ला, पण रीस्पेक मिळालं ते २०१० च्या १.१३ पॅचमध्ये, म्हणजे लोकांनी दहा वर्षं दुबार पेरणीशिवाय काढली. तिथे अकारा हे काम एका डिफिकल्टीला एकदा करून देते, आणि चार वेगवेगळे इसेन्स होरॅड्रिक क्यूबमध्ये एकत्र केले की टोकन मिळतं. उलट २०२३ च्या बॉल्डर्स गेट थ्रीमध्ये विदर्स नावाचा सांगाडा १०० सोन्याची नाणी घेतो आणि पाहिजे तितक्या वेळा बदलून देतो.

कुठलं बरोबर? फुकट केलं तर लोक प्रत्येक बॉसआधी बिल्ड बदलतात आणि कुठलंच कॅरेक्टर आपलं वाटत नाही. अजिबात नाही दिलं तर खामगावचा पोरगा सेव्ह डिलीट करतो. एल्डन रिंगने मधला रस्ता काढला: दुसरी संधी आहे, पण मोजून. त्यामुळे माणूस विचार करून बदलतो. अठरा संधी कमी नाहीत. एका फेरीत बहुतेकांना तीन-चारच्या वर लागत नाहीत, आणि न्यू गेम प्लस सुरू केलं की जगातले टिअर पुन्हा मिळतात.

१५:१० | जाता जाता

तुमच्यापैकी बरेच जण सध्या बारावीनंतर काय, डिप्लोमा सोडून डिग्री घेऊ का, असल्या प्रश्नात आहात हे मेसेजांवरून कळतं. गेमवरून आयुष्याचे धडे द्यायला मी काही बसलेलो नाही. आयुष्यात फी परत मिळत नाही, वर्षही मिळत नाही. ते दुखणं वावरातल्या दुबार पेरणीसारखंच आहे आणि ते घरचे सोसतात. पण रेनालाच्या स्क्रीनवरची एक गोष्ट बाहेरही खरी आहे: रस्ता बदलला तरी लेव्हल ८० ची १ होत नाही. बॉसच्या चाली, नकाशा, कुठे थांबायचं आणि कुठे पळायचं, हे साठ तासांत हाताला लागलेलं असतं, आणि ते कुठलीच वाटणी काढून घेत नाही.

तर थोडक्यात: किल्ली, रेनाला, व्यापाऱ्याकडचे दोन टिअर, मग हत्यार-जीव-वजन तपासणी, कागदावर बेरीज, आणि शेवटी हो. या क्रमाने जा.

पुढच्या भागात ॲश ऑफ वॉर कुठल्या तलवारीला कोणती लावायची ते बघू. तुमची आठ स्टॅटची यादी आणि हत्याराचा नंबर व्हॉइस मेसेजमध्ये पाठवा, दोन-तीन बिल्डांचा हिशोब पुढच्या वेळी इथेच करू. लाइट जायच्या आत ग्रेसवर बसत जा. भेटू!